नोंद घेतली आहे

अर्ज स्वीकारला जाणं आणि अर्ज मंजूर होणं यातलं अंतर आपल्याकडे शाळकरी पोरालाही समजतं. सॉफ्टवेअरला ते सहसा समजत नाही. सांगितलं की लगेच ऐकायचं, ही त्याची जुनी खोड. फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली घडवलेलं गिट मात्र याबाबतीत सन्माननीय अपवाद आहे.

गिट प्रत्येकाची आवड विचारतं. संपूर्ण यंत्रासाठी, वापरणाऱ्यासाठी आणि प्रकल्पासाठी अशी तीन दप्तरं त्यासाठी ठेवलेली आहेत. समजा, तारखा कशा दिसाव्यात हे तुम्ही 'लॉग.डेट'मध्ये लिहून ठेवलंत. बदलांची यादी दाखवणारा 'गिट लॉग' ते निमूटपणे पाळतो. मग कुठली ओळ कुणी लिहिली हे पाहायला तुम्ही 'गिट ब्लेम' चालवता, तर तिथे तारखा तिच्या मर्जीच्या. कारण तिचं सेटिंग वेगळं, 'ब्लेम.डेट'. दोन शेजारच्या खिडक्यांवर एकच अर्ज चालला, तर दुसऱ्या खिडकीची शान ती काय राहिली?

याहून खोल विचार आतल्या कमांडांचा आहे. गिटने आपल्या कमांडांच्या दोन जाती मानल्या आहेत: माणसांसमोर येणाऱ्या त्या 'पोर्सिलेन', म्हणजे दर्शनी चिनी मातीची भांडी, आणि भिंतीतल्या त्या 'प्लंबिंग', म्हणजे नळ. फाइलीचं नाव बदललं तर 'गिट डिफ' तिला ओळखतो, 'डिफ.रिनेम्स' हे सेटिंग त्याला लागू आहे. 'डिफ-ट्री' मात्र नळांच्या जातीची, तिला ते लागू नाही. तुम्ही वेगळं बजावलं नाहीत, तर तिच्या लेखी जुनी फाइल वारली आणि नवी जन्मली. लग्नानंतर नाव बदलून ज्या बाईने कचेरीचे उंबरे झिजवले आहेत, तिला ही कार्यपद्धती परकी वाटू नये. कारणही सयुक्तिक आहे: नळावर कुणाकुणाच्या स्क्रिप्ट अवलंबून असतात, आणि तुमच्या आवडीपायी दुसऱ्याचं पाणी का तोडायचं? (हे कारण खरंच बरोबर आहे, हीच त्यातली अडचण.)

मराठी माणसाची तर इथे विशेष बडदास्त ठेवली जाते. 'अहवाल' नावाची फाइल 'गिट स्टेटस'मध्ये पाहा. 'अ'च्या जागी ३४०, २४४, २०५ असे आकडे, प्रत्येकाआधी एक तिरकी रेघ. चार अक्षरांचा अहवाल पंधरा आकड्यांत. 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग बंद केलं की देवनागरी दिसू लागते, हे खरं. पण आपली लिपी दिसावी म्हणून आधी अर्ज करावा लागणं, ही शिस्त नव्हे काय?

अशा वेळी काही उतावळे लोक म्हणतात, एकदा सेटिंग लिहिलं की सगळ्या कमांडांनी ते पाळावं. त्यांचा हेतू चांगला असेल. पण उद्या लोकांचा सेटिंगांवर विश्वास बसला तर जबाबदारी कुणी घ्यायची?

शिवाय दप्तराचा उदारपणा त्यांच्या ध्यानात येत नाही. चुकीचं नाव लिहा, गिट तेही नोंदवून घेतं. हूं की चूं करत नाही. माझ्या फाइलीत 'लॉग.डेट'च्या जागी 'लोग.डेट' अशी एक ओळ आहे. ती कधी लिहिली ते आठवत नाही, पण आजवर तिला कुणीही हटकलेलं नाही.