गव्याच्या पायाखालची जमीन

मातीचा हत्ती कुणालाही जमतो. सोंड काढली की निम्मं काम झालं. बैलही पोळ्यामुळे हाताच्या सवयीचा. गवा मात्र करायला घेतला की घरात येणारा प्रत्येक जण त्याला म्हैस म्हणतो. शेजारच्या काकांनी तर “दूध किती देते?” हेही विचारून घेतलं.

गव्याचं गवेपण तीन ठिकाणी असतं. शिंगांच्या मधला कपाळावरचा उंचवटा, चारही पायांतले पांढरे मोजे आणि पाठीवरची धार. ही धार खांद्यापासून निघते, पाठीच्या मध्यावर येते आणि तिथे एकदम तुटते. इतका भारदस्त प्राणी, पण त्याची पाठ मधेच विचार बदलते! मातीवर अंगठा फिरवून सगळं गुळगुळीत करायची हाताला भारी हौस. त्या हौसेत ती धार बुजली, की आपला गवा जंगलातून थेट गोठ्यात.

पुढचा प्रश्न पायांचा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. एवढा ऐवज निसर्गाने त्या मानाने बारीक पायांवर तोलला आणि वर त्याला राधानगरी-दाजीपूरचे चढ चढायला लावले. शाडूला हे झेपत नाही. म्हणून आत तारेचा सांगाडा घालायचा. पण शाडू वाळताना आक्रसते, तार आक्रसत नाही. आणि दोघींच्या या भांडणात तडे जातात ते गव्याच्या पायांना. मातीत काथ्या मिसळा, ओलं फडकं पांघरून सावकाश वाळवा, तरी पोटाखाली काहीतरी टेकू लागतोच. जुन्या संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी झाडाचा बुंधा का असतो, ते इथे कळतं. त्या बुंध्याचा वनश्रीशी काही संबंध नसतो, तो दगडाचं वजन पेलत असतो. माझ्या गव्याच्या पोटाखाली मी कारवीचं झुडूप उभं केलं. खरी कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. माझी फुलत नाही, पण बारमाही टेकू देते.

झुडूप आलं की जमीन आली, म्हणजे बैठक आली. दिवाळीच्या किल्ल्यावर प्रमाणाची चिंता कुणी करत नाही. तिथे गुहेतला वाघ महादरवाजापेक्षा मोठा असतो आणि मावळे त्याच्याकडे पाठ करून निर्धास्त उभे असतात. तोच विश्वास ठेवून मी बैठकीवर अळीव पेरला. तो वाढून गव्याच्या पोटाला लागला. आई म्हणाली, “उसात शिरलेला गवा अगदी हुबेहूब आलाय रे!” कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याने तो देखावा बघितला असता तर कौतुक केलं नसतं, डबा वाजवला असता. शिवाय अळिवाला पाणी घालावं, तर शाडूचे खूर विरघळतात.

बैठक म्हणजे उरलेल्या मातीचं काम, असा आपला समज. सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह बघा. त्यांच्या पायाखालच्या गोल बैठकीवर हत्ती, घोडा, बैल आणि आणखी एक सिंह चालताना कोरलेत, मधे मधे चक्रं आहेत. वरचे चौघे रुबाबात बसून आहेत. सगळी हालचाल खाली चालू आहे. राष्ट्रध्वजावर जागा मिळाली तीही सिंहांना नाही, त्या बैठकीवरच्या चक्राला. १९५० साली राजमुद्रा स्वीकारली, तेव्हा सिंहांनाही ती बैठक सोबत घेऊनच यावं लागलं.

नुसत्या टेबलावर ठेवलेला गवा खेळणं दिसतो. खाली चार खडे, थोडा उतार आणि एक झुडूप आलं, की त्याला कुठून तरी आल्यासारखं आणि कुठे तरी जायचं असल्यासारखं वाटतं. रानटीपणाचा अर्धा भाग जनावराच्या अंगात नसतोच, तो त्याच्या जमिनीत असतो. तेव्हा मातीचं जनावर करायला बसणार असाल, तर बैठक आधी करा, ती पुरती वाळू द्या आणि मग जनावराला हात घाला. आणि हो, अळीव किल्ल्यासाठीच ठेवा.