कंबर ९६

डेन्व्हरच्या मराठी घरांत संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की बायका दिवाणखान्यात आणि पुरुष बेसमेंटमध्ये, अशी वाटणी आपोआप होते. यंदा बेसमेंटमधले पुरुष कमरांबद्दल बोलत होते. "माझी अठ्ठ्याऐंशी." "एवढी बारीक? माझी एकशे चार आहे." "शंभराच्या वर गेलात की गुडघे बोलायला लागतात, सांगून ठेवतो." तिळगुळाचं ताट घेऊन खाली आलेल्या एका काकूंनी एवढंच ऐकलं आणि ताट पायरीवर ठेवून त्या आल्या पावली परत गेल्या.

विषय स्कीचा होता. बुटाखाली स्की जिथे सगळ्यात अरुंद असते ती तिची कंबर, आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. शर्यतीतल्या स्कीची कंबर पासष्टच्या आसपास असते, खोल भुसभुशीत बर्फासाठीची एकशे दहाच्या पुढे जाते. मधल्या पंच्याऐंशी ते एकशे पाचच्या पट्ट्यात 'ऑल-माउंटन' नावाची गर्दी असते. आमच्या साडूला त्या गर्दीतून एक जोड निवडायचा होता.

साडू ह्यूस्टनहून बदली होऊन इकडे आला. एक सीझन भाड्याच्या स्कीवर काढला, निळ्या चौकोनाचे मध्यम उतार बऱ्यापैकी जमायला लागले, आणि मग त्याने एक्सेल उघडलं. कंबर, लांबी, वळणाची त्रिज्या, वजन, किंमत, असे रकाने. नावं वाचून तो जरा बावचळला होता. एनफोर्सर, माइंडबेंडर, रसलर! स्की विकायला काढल्यात की सिनेमातले खलनायक, तेच कळेना. त्या गुंडांच्या टोळीत 'मंत्रा' नावाची एक सात्त्विक स्की दिसली तेव्हा त्याला भरून आलं. ती फोल्कल या जर्मन कंपनीची निघाली. कंबर ९६, पोटात धातूचे पत्रे, आणि स्वभावाने बाकीच्या गुंडांइतकीच कडक.

ऑल-माउंटन ही काय चीज आहे हे त्याला मी असं सांगितलं. आपल्या वडिलांच्या पिढीकडे सफारी सूट असायचा. ऑफिस, बारसं, मुलीकडच्यांची बैठक, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे तोच. तो कुठेच उठून दिसायचा नाही आणि कुठेच खटकायचा नाही. पर्वतावरचा सफारी म्हणजे ही स्की. साडू म्हणाला, "मला सफारी नको. मला पावडरमध्ये जायचंय."

हे पावडरचं, म्हणजे त्या खोल भुसभुशीत बर्फाचं, वेड त्याच्या एकट्याचं नाही. फार पूर्वी हात वर केला की मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब आणि सरळसोट स्की घ्यायची पद्धत होती. मग १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने टोकांना रुंद आणि कमरेत बारीक अशी स्की आणली, आणि सामान्य माणसालाही कडेवर रेलून वळता यायला लागलं. त्यानंतर शेन मॅकॉन्की नावाचा एक अवलिया अलास्कात चक्क पाण्यावरच्या वॉटर-स्की पायाला बांधून डोंगर उतरला. खोल बर्फात टोकं वर उचललेली असली की स्की बुडत नाही, हे त्यातून लोकांना दिसलं. आज दुकानातली बहुतेक प्रत्येक ऑल-माउंटन स्की टोकांशी थोडी उचललेली आणि बुटाखाली थोडी कमानदार असते, त्यात या मंडळींचा वाटा आहे. लांबीही उतरली. हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान कुठेतरी आली म्हणजे झालं.

रुंदीचं गणित मात्र सोपं नाही. रुंद स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते हे खरं. पण कडक बर्फावर वळताना स्की कडेवर उभी करावी लागते, आणि स्की जितकी रुंद तितकी ती कड पायाच्या मध्यापासून लांब. तेवढी जास्त ताकद घोटा आणि गुडघा यांनी लावायची. बेसमेंटमध्ये जे गुडघे बोलत होते ते यासाठी.

साडूने एकशे सहा पक्की केली होती. त्यावर मेहुणीने त्याला एकच प्रश्न विचारला, "अहो, पण ती वापरणार कधी?" प्रश्न बिनतोड होता. शुक्रवारी रात्री डोंगरात फूटभर बर्फ पडला की शनिवारी पहाटे अर्धं डेन्व्हर आय-सत्तर हायवेवर येतं. आयझनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे, आणि त्याच्या अलीकडे गाड्यांचे लाल दिवे लागलेले असतात. आपण पार्किंग शोधून, बुटाची शेवटची बकल आवळून, लिफ्टच्या रांगेत लागेपर्यंत रिझॉर्टच्या गावात मुक्कामाला असलेल्यांनी सगळी पावडर नांगरून ठेवलेली असते. आपल्यासारख्यांची पावडर म्हणजे गाडीच्या काचेतून दिसते ती. एकशे सहाची स्की सगळ्यात जास्त वेळ वापरात असते ती टपावरच्या रॅकला. उरलेला दिवस आपण मशीन फिरवून सपाट केलेल्या उतारावर, दुपारनंतर तुडवलेल्या चोथ्यात आणि संध्याकाळच्या करकरीत थरावर काढतो. माझं स्पष्ट मत आहे की माणसाने स्की घ्यावी ती या उरलेल्या दिवसासाठी. स्वप्नातल्या सकाळसाठी हवी तर भाड्याने मिळते. आणि त्याआधी बूट चांगले घ्यावेत, पण बुटाचा बॉक्स गाडीच्या टपावरून शेजाऱ्यांना दिसत नाही, म्हणून हा सल्ला कोणी ऐकत नाही.

शेवटी डेमो घ्यायचं ठरलं. लिफ्टच्या पायथ्याशी दुकानाचा तंबू असतो. बूट दाखवायचे, पोरगं बूट धरून ठेवणारं बाइंडिंग पुढेमागे सरकवून देतं, एकदोन फेऱ्या मारून स्की परत करायची आणि दुसरी मागायची. एकशे सहाने सकाळी कडक उतारावर साडूला चांगलंच तंगवलं. हा वळायचं ठरवायचा, स्की त्यावर विचार करायची, तोवर कडेची झाडं जवळ यायची. मग अठ्ठ्याऐंशी. हिच्यात टायटॅनलचे, म्हणजे एका ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, दोन पत्रे होते. सपाटीवर तिने रेघ मारल्यासारखी वळणं काढली आणि साडू खूश झाला. त्या खुशीत तो विंटर पार्क रिझॉर्टच्या मेरी जेन भागात शिरला. मेरी जेन प्रसिद्ध आहे ती मोगलांसाठी. मोगल म्हणजे स्कीअर एकाच वाटेने वळत राहिल्याने तयार होणारे बर्फाचे उंचवटे. मराठी माणसाने त्यांच्यावर समोरून चाल करू नये, खिंडीखिंडीतून निसटावं, हे साडूला ठाऊक नव्हतं. त्या ताठ स्कीने त्याला तिसऱ्या मोगलावर उडवून लावलं. टोपी वर, साडू खाली, आणि एक काठी कोणा परोपकारी बाईच्या हातात.

तिसरी स्की होती शहाण्णवची. धातू होता, पण नावापुरता. दुपारचा बर्फ एव्हाना जड झाला होता. साडू सपाट उतार, कडेचा चोथा आणि मोगलांची बाजू अशी सगळीकडून फिरून आला. मी विचारलं, "कशी वाटली?" तो म्हणाला, "कोण? अरे हो, स्की. ठीक आहे." आणि वाटेत दिसलेल्या कोल्ह्याबद्दल बोलायला लागला. मी तंबूतल्या पोराला सांगितलं, हीच.

नवीन नाही घेतली. मार्चअखेर मागच्या वर्षीचा माल स्वस्तात निघतो, आणि पुष्कळदा दोन वर्षांत फक्त वरचं चित्र बदललेलं असतं. चित्रासाठी दोनशे डॉलर जास्त मोजणारा मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही.

उरलं बाइंडिंगचं सेटिंग. पडल्यावर बूट स्कीतून किती जोराला सुटावा याचा आकडा असतो. तो कमी असेल तर स्की भलत्या वेळी निघते, जास्त असेल तर निघत नाही आणि पाय जातो. दुकानात त्यासाठी फॉर्म भरून घेतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी, आणि तुम्ही भित्रे, मध्यम की आक्रमक. साडूने स्वतःला मध्यम ठरवलं आणि वजनाच्या जागी १६८ पौंड लिहिलं.

मेहुणी खांद्यावरून बघत होती. "अहो, हे लग्नातलं वजन आहे."

काउंटरवरच्या पोराने विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? साडू म्हणाला, स्कीचा रंग आवडला म्हणते. आणि १६८ चे १८६ केले.

पोराने तक्त्यावर बोट ठेवलं. नव्या वजनामुळे ते एक ओळ खाली गेलं. मग त्याची नजर वयावर पडली. एक्कावन्न. पन्नाशी गाठली की नियमाने एक ओळ वर सरकायचं असतं. बोट एक ओळ वर आलं आणि आधीच्या वजनाच्या ओळीवर जाऊन थांबलं.

"बघ," साडू मेहुणीला म्हणाला, "लग्नात होतो तसाच आहे मी. तक्त्यात लिहिलंय."