टाकीवाले

टाकीवाल्यांना 'काय, बरं आहे ना?' असं चुकूनही विचारू नये. 'कसलं बरं? वाळू तपकिरी पडलीय,' म्हणत ते लिफ्टचं दार धरून ठेवतात आणि वरच्या मजल्यावरचे लोक बटणं दाबत बसतात.

मुंबईच्या सोसायट्यांत हा प्राणी हल्ली बऱ्यापैकी आढळतो. हॉल केवढा, तर सोफा ठेवला की संपला. त्यातही अर्धा खाऱ्या पाण्याच्या टाकीने बळकावलेला. समुद्र दहा मिनिटांवर, पण तो यांना चालत नाही. आधी आरओ-डीआय लावून पाण्यातलं सगळं काढायचं, टीडीएस शून्यावर आणायचा, मग त्यात महागाचं मीठ कालवून क्षारता 35 वर न्यायची. 'प्रवाळ गोव्याहून आणलात का?' असं पाहुण्याने विचारलं तर संपलंच. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे पाहुण्याला पोहे गार होईपर्यंत ऐकावं लागतं.

नव्या टाकीतली वाळू पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी पडतेच. डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ सिलिकेटवर पोसतं आणि ते संपत आलं की बहुधा आपणहून ओसरतं. टाकीवाल्यांना हे तोंडपाठ आहे. 'हात लावू नका, धीर धरा,' असा सल्ला ते इतरांना फुकट देतात. स्वतःची वाळू मात्र रोज सायफनने उपसतात. घरात केर काढायला सांगितलं की यांची कंबर धरते, हे वहिनींचं निरीक्षण.

डायटम म्हणून सोडून दिलं आणि ते डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे तसेच तपकिरी सूक्ष्मजीव, निघाले तर? म्हणून परीक्षा. ड्रॉपरने तपकिरी मळी ओढायची, ग्लासात घालून खळखळ हलवायची, गाळायची आणि दिव्याखाली ठेवायची. तासाभरात गाळलेल्या पाण्यात पुन्हा बुळबुळीत तंतू जमले, तर डायनो. एकदा सासरेबुवांनी तो ग्लास कोरा चहा समजून उचलला होता.

पुढे वाळूवर तांबडी साय धरली. 'सायनोबॅक्टेरिया!' टाकीवाल्यांचा आवाज भरून आला. 'यांच्याच पूर्वजांनी दोनशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन भरला, म्हणून आज आपण श्वास घेतोय.'

'मग राहू द्या की बिचाऱ्यांना,' वहिनी म्हणाल्या.

राहू देतील तर ते टाकीवाले कसले? वेव्हमेकरचं तोंड फिरवलं, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, नासारियस गोगलगाई आणल्या. शेवटी दिवे बंद करून टाकीवर तीन दिवस गोधडी पांघरली. आल्यागेल्याला घरात कुणी आजारी असल्यासारखं हळू बोलावं लागे.

मग मेव्हण्याचं लग्न निघालं आणि टाकीवाल्यांना नाइलाजाने आठवडाभर नाशिकला जावं लागलं. शेजाऱ्याला माशांना चिमूटभर खाणं घालण्यापलीकडे काही करायची मनाई होती. परत आले तर वाळू पांढरीशुभ्र! श्रेय गोगलगाईंना देऊन झालं. गोधडीलाही थोडं मिळालं. आपण घरी नव्हतो, हा उपाय मात्र यादीत कुठेच आला नाही.

तेवढ्यात टाकीवाल्यांचा चेहरा उतरला. 'इतकी पांढरी कशी? नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर तर गेलं नाही ना? शून्य झालं की डायनो डोकं वर काढतात!' आणि ते तडक स्वयंपाकघरात शिरले.

वहिनींनी गाळणी आधीच लपवून ठेवली होती.