कुंपणाचं लायसन्स

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस. सराफानं शटर ओढलं की कढई चढते. जागा एक, धंदे दोन, भांडण नाही. सॉफ्टवेअरवाले याला 'कन्करंट लायसन्स' म्हणतात आणि वरून बिल पाठवतात.

आमच्या ऑफिसात असं लायसन्स आहे, ड्रायव्हरचं. गाडीचा नव्हे. एक्सेलला डेटाबेसची भाषा येत नाही, म्हणून मधे एक दुभाष्या बसवतात, तो. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनं ओडीबीसी आणलं, १९९७ मध्ये जावासाठी जेडीबीसी आलं. दुभाष्या कुणाचाही असो, बोलण्याची रीत एक असावी, एवढाच हेतू. पोस्टग्रेसचा दुभाष्या फुकट मिळतो. आमच्या म्हाताऱ्या डेटाबेसचा मिळत नाही. त्याचा करार एका वेळी २५ कनेक्शनचा. सव्विसावा आला की दार बंद.

सोमवारी सकाळी दहाला दार बंद झालं. ऑफिसात माणसं अकरा, जागा पंचवीस, आणि स्क्रीनवर 'लायसन्स शिल्लक नाही'. शेजारचा पोरगा पोह्यांची पुडी हातात धरून म्हणाला, "भिया, हॅक झालं काय?"

लगेच मीटिंग. एकानं कनेक्शन पूल सुचवला. पूल म्हणजे बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. बसणारा येवो न येवो, रुमाल बसलेलाच. मॅनेजर म्हणाले, "वाद कशाला? आणखी दहा घेऊन टाका." खरं आहे. विकत घ्यायला एक सही लागते, शोधायला चार जणांना विचारावं लागतं.

तरी मी लायसन्स मॅनेजरची यादी उघडली. कोण, कुठल्या मशीनवरून, कधीपासून, सगळं तिथं लिहिलेलं असतं. वाचत कुणी नाही. चार जागा शुक्रवारपासून उघड्या पडलेल्या एक्सेलच्या, मालक महाकालच्या दर्शनाला उज्जैनला. तीन जागा दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांच्या. ते गेले, त्यांच्या नावचे रिपोर्ट इमानेइतबारे चालू. खरं काम करणाऱ्या जागा दोन. उरलेल्या सोळा एकाच नावावर.

ते नाव पहारेकऱ्याचं. लायसन्स किती वापरलं जातं हे मोजायला रविवारी संध्याकाळी साडेसहाला बसवलेला नवाकोरा प्रोग्रॅम. दर तासाला तो आत जायचा, आकडा त्याच डेटाबेसात लिहायचा, आणि बाहेर यायचंच विसरायचा. पुढच्या तासाला नवीन जागा. सकाळी साडेनऊपर्यंत सोळा फेऱ्या, सोळा जागा. कुंपणानं शेत खाल्लं, आणि किती खाल्लं याची नोंदही चोख ठेवली.

मोजणं ही थट्टा नव्हे. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीनं डियाजिओ या मद्य कंपनीवर ५ कोटी ४५ लाख पौंडांचा दावा मांडला होता, त्याचा निकाल २०१७ साली लंडनच्या हायकोर्टात लागला. डियाजिओचे विक्रेते सॅप उघडत नव्हते. ते सेल्सफोर्सच्या ॲपमधून काम करायचे आणि माहिती मागच्या दारानं सॅपमध्ये जायची. कोर्ट म्हणालं, दार मागचं असलं तरी वापर तो वापरच. पैसे किती, ते पुढे ठरवू. मायक्रोसॉफ्टचाही नियम असाच: मधे कितीही दलाल घाला, एसक्यूएल सर्व्हरची माणशी लायसन्सं कमी होत नाहीत. विकणारा माणसं मोजतो. घेणाऱ्यानं निदान रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात! ओला-सुका कचरा वेगळा करून २०१७ पासून स्वच्छतेची बक्षिसं घेणाऱ्या शहराला शिळी कनेक्शनं वेचणं जड जाऊ नये.

आमचा इलाज एका ओळीचा निघाला. पोरानं पहारेकऱ्याच्या प्रोग्रॅमात शेवटी 'क्लोज' लिहून तो पुन्हा चालू केला, सोळा जागा मोकळ्या झाल्या आणि पोहे गार व्हायच्या आत संपले.

दुपारी मॅनेजरना सांगितलं. म्हणाले, "ऑर्डर गेली हो. आता मागे घ्यायची तर फॉर्मवर कारण लिहावं लागेल."

फॉर्म मी पाहिला. कारणाला एक ओळ आहे. 'दार लावायचं राहिलं' एवढं तिथं आरामात मावतं. पण त्याच्याखालीच दुसरी ओळ आहे: पहारेकरी कोणी बसवला, त्याचं नाव.

दहा जागा गुरुवारी येताहेत.