‘लाईट आली का?’ : एक नियोजनमीमांसा

स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले. पुढे शंभर शहरे निवडली गेली, नागरिकांची मते समाजमाध्यमांवरूनही मागवली गेली. बुलढाणा तालुक्यातले धाड त्या यादीत असण्याचे कारणच नव्हते. तिथे महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे. पण व्हॉट्सॲप आहे. सबब समाजमाध्यमांवरून नियोजन करण्याच्या शास्त्राची प्राणप्रतिष्ठा धाडलाच करणे उचित.

पूर्वपक्ष म्हणेल, गावाचे मत ग्रामसभेत कळते. उत्तरपक्ष असा: तिथे गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण लागतात, यांत जे कमी ते. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. ग्रुपमध्ये मात्र २०२२ पासून १,०२४ माणसे मावतात, आणि रात्री साडेअकरालाही निम्मी जागी असतात.

आता मूळ सूत्र: ‘लाईट आली का?’ स्वतःच्या घरी अंधार आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असते. शेजारीही अंधार आहे का, हा खरा प्रश्न. ‘आमच्याकडे आहे’, ‘इकडं नाही’ एवढ्या दोन उत्तरांवरून कोणत्या डीपीवर बिघाड आहे ते लाईनमनला कळते. शास्त्रज्ञाला कळत नाही, कारण ‘इकडं’ कुठे ते नकाशावर नाही.

रस्त्यांचेही असेच. बॉस्टन शहराने २०१२ च्या सुमारास गाडीतल्या मोबाईलला बसणाऱ्या हिसक्यांवरून खड्डे मोजून पाहिले. यंत्राने गटारांची झाकणेही खड्ड्यांत धरली. आपल्याकडे अडचण उलटी: नेहमीच्या चालकाला खड्डा पाठ असतो, तो चुकवतो, हिसका बसतच नाही.

पोस्टांवरून यंत्राने करायचे भावनामापन तर त्याहून बिकट. खड्ड्याचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात. यंत्र एक मृत्यू नोंदवते. पुढचा ‘अभिनंदन साहेब’ लिहितो. यंत्र समाधानी नागरिक नोंदवते.

सर्वांत मोलाची माहिती न टाकलेल्या पोस्टांत असते. शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट, तेव्हा बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला माणूस काही टाइप करत बसत नाही. नळ आल्याचे जिला आधी कळते ती बहुधा ग्रुपात नसते. तिचा नवरा असतो, आणि तो सुप्रभात पाठवत असतो.

एक तांत्रिक मर्यादा उरते. निवडणूक लागली की ॲडमिन ग्रुपला कुलूप लावतो, ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’. नियोजनकाराच्या आलेखावर त्या पंधरवड्यात गावात एकही समस्या दिसणार नाही.