पार्ल्याची मावशी आणि दोन विमानतळ

आम्ही ठाणेकर. मुंबईचा जुना विमानतळ आमच्या एका हाताला, उलव्याचा नवा दुसऱ्या हाताला. 25 डिसेंबर 2025 पासून नव्यावरून विमानं उडू लागली आणि आमच्या घराला वादाचा कायमचा विषय मिळाला. नागपूरचं साधं तिकीट काढायचं तरी जेवणं उरकल्यावर बैठक बसते. जुना जवळ, असं नकाशा म्हणतो. पण नकाशाला पवईच्या रस्त्यावर पाऊण तास ताटकळावं लागत नाही. मुलगा मोबाईलवर लाल रेघा मोजतो, बायको टॅक्सीचं भाडं. मी गप्प बसतो. या बाबतीत माझी पत राहिलेली नाही. एकदा मी सहारच्या दोन नंबर टर्मिनलला दिमाखात उतरलो आणि तिकीट निघालं एक नंबरचं. धावपट्ट्या सामाईक, दारं मात्र वाटण्या झालेल्या भावांसारखी, एक सहारला, तर दुसरं पार त्या टोकाला, पार्ल्याच्या हायवेलगत. मधल्या रिक्षात मी कुलदैवताला जे काही कबूल केलं, ते अजून फेडायचंय.

खरं तर आमच्या घराण्यात विमानतळ निवडायचा प्रश्न कधी नव्हताच. पार्ल्याला मावशी होती ना! पहाटेचं विमान असलं की आदल्या रात्री तिच्याकडे वळकटी पडायची. पॅसेजमध्ये गाद्या, गाद्यांच्या कडेला बॅगा, आणि एखादा दूरचा चुलतभाऊ, ज्याचं नाव सकाळपर्यंत कुणाला आठवत नसे. बिस्किटांचा कारखाना 2016 मध्ये बंद पडला, तोवर तिच्या खिडकीतून भाजक्या बिस्किटांचा वास यायचा. तीन वाजता गजर व्हायच्या आत मावशीच उठलेली असे. "अरे, चहा घेऊन निघ. विमान काही तुला सोडून जात नाही." विमान सोडून जातं, हे तिला कुणी पटवू शकलं नाही.

आता खारघरचा मामेभाऊ फोन करकरून सांगतो, "आमच्याकडेच उतरा, नवा विमानतळ हाकेवर आहे." त्याने सोफा-कम-बेडसुद्धा घेतलाय. बिचाऱ्याला पुढच्या मे महिन्याची कल्पना नाही.

परवा मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आता तुम्हाला तिकडचं सोयीचं. पहाटेच्या विमानाच्या निमित्ताने तरी यायचात."

त्या रात्री बैठक बसण्याआधीच मी तिकीट काढून टाकलं. जुन्या विमानतळावरून, पहाटे 5:50 चं. मावशीला कळवलं, तर तिने फक्त "पोहे की उपमा?" एवढंच विचारलं.

तिकीट आठशे रुपयांनी महाग पडलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.