पोर्चमधल्या गाडीच्या मालकांस अनावृत पत्र

देवळाली कॅम्पात बंगला आणि बंगल्यात गाडी बाळगणारे श्रीयुत मालक यांस,

आपल्या काटकसरीला तोड नाही. गाडी वर्षाचे बहुतेक दिवस पोर्चमध्ये उभी, फार तर लॅम रोडपर्यंत भाजीला जाते. त्यामुळे टायरवरची नक्षी अजून कोरी करकरीत आहे. मग टायर बदलायचे कशाला? कायदाही आपल्या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांना मोटारीच्या टायरवर १.६ मिलिमीटर खोल नक्षी पुरते, टायरचे वय ते विचारत नाहीत. टायर मात्र वय लपवत नाही. ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीअखेर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळदा ही ओळ गाडीच्या पोटाकडच्या बाजूला असते, हे आपल्या पथ्यावरच पडते.

गाडी कमी पळाली की टायर टिकतो, हा आपला सिद्धांत नक्षीपुरता खरा आहे. पण रबराला झीज जशी खाते तसा प्राणवायूही खातो, आणि तो बाहेरून जितका लागतो तितकाच आत दाबून भरलेल्या हवेतूनही. कॅम्पाची हवा माणसांच्या फुप्फुसांना मानवते म्हणून इथे आरोग्यधामे उभी राहिली. रबराची गोष्ट वेगळी. टायरमध्ये मिसळलेले संरक्षक मेण चाक फिरताना पृष्ठभागावर येते. उभ्या गाडीत ते आतच राहते, वर ऊन असते, हवा उतरलेली असते. पोलादी पट्ट्यांमधले रबर कडक होत जाते आणि नक्षी शाबूत असतानाच त्यांची पकड सुटू लागते. भाजीच्या फेरीत हे कळत नाही. भरवीरला समृद्धी महामार्गावर चढून काटा १२० वर नेला, की तापलेला टायर ते दाखवून देतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. वयाला मर्यादा नसल्याने तेव्हा कायद्याचा भंगही झालेला नव्हता. १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक व बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर वर्ज्य झाले. मोटारींना तो नियम लागू नाही, हा मुद्दा आपण माझ्याविरुद्ध खुशाल वापरा.

सहा वर्षे उलटली की त्याच रात्री टायर फुटतो, असेही नाही. म्हणूनच सल्ल्यांत एकमत नाही: अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, तर टायरवाले पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी काढाच, असे सांगतात. खर्चाचे म्हणाल, तर चार नवे टायर बंगल्याच्या रंगकामापेक्षा स्वस्त पडतात. घेताना दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात पडत नाही ना, ते त्याच चार आकड्यांवरून पाहा. स्टेपनीचेही आकडे वाचा. बहुधा तीच सगळ्यांत म्हातारी निघेल. आणि काढलेले टायर स्वस्तात कुणा टॅक्सीवाल्याला विकू नका.

आपला,
मागच्या गाडीतला प्रवासी